शाईपेन तालुका पाहून घ्यावे

शाईपेन विकत घेणारा माणूस साधारणपणे किंमत, रंग आणि टोपणाची चमक पाहतो. तालुका मात्र पाहत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे, तर पेनाच्या बऱ्यावाईट वर्तनाचे निम्मे कारण त्याच्या निबेत असते आणि उरलेले निम्मे तहसील कार्यालयाच्या पाटीवर लिहिलेले असते. या जिल्ह्यांचा बराच भाग मुळात एकाच जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला भाग १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु पेनाच्या दृष्टीने ही वाटणी चुकीच्या रेषेवर झाली असेच म्हणावे लागते. पश्चिमेला महाबळेश्वर, जेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके, जेथे ५०० मिलिमीटर पडला तरी वर्ष चांगले गेले असे मानतात. या दोहोंना एकच पेन पुरेल ही समजूत केवळ दुकानदाराच्या सोयीची आहे.

पेनाची रचना वरवर साधी असते. नळीत शाई, निबेला मधोमध चीर आणि निबेखाली जीभ, म्हणजे बारीक खाचा असलेला एबोनाइटचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. अरुंद फटीतून द्रव आपोआप पुढे सरकतो, त्याला केशाकर्षण म्हणतात. मात्र शाईचा जेवढा भाग बाहेर पडतो, तेवढीच हवा आत शिरावी लागते, आणि या देवघेवीचा हिशेब जीभ सांभाळते. तो हिशेब बऱ्यापैकी जुळवणारी जीभ लुईस वॉटरमन या अमेरिकन विमा-एजंटाने १८८४ साली पेटंट केली. गळतीची धास्ती विम्याच्या माणसाने घ्यावी, हे योग्यच झाले.

महाबळेश्वराकडे पावसाळ्यात कागद हवेतील ओल पितो आणि त्यावर शाई फुटते, म्हणजे रेघेला दोन्ही बाजूंनी केसांसारखे फाटे फुटतात. तेथे बारीक निबेला पर्याय नाही. जतेस एप्रिलात नेमके उलटे घडते. टोपण काढून लेखक मजकुराचा विचार करीत बसला की निबेच्या टोकावरील पाणी उडून जाते, रंग तेवढा उरतो आणि विचार सुचेपर्यंत पेन उमटेनासे होते. यावर निब पाण्यात बुडवून फडक्याने टिपावी, हा शास्त्रोक्त उपाय. परंतु दोन्ही जिल्ह्यांत पेन झटकण्याचीच पद्धत रूढ आहे. झटकण्याचा परिणाम झटकणाऱ्याला कधीच भोगावा लागत नाही. तो पुढच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या पाठीवर, गळ्याच्या पट्टीपासून कमरेपर्यंत उतरत जाणाऱ्या ठिपक्यांच्या तिरप्या ओळीने नोंदवला जातो, आणि पहिला ठिपका सर्वांत मोठा असल्यामुळे गुन्हेगार कोणत्या हाताचा होता हे जाणकार शिक्षकाला लगेच ओळखता येते, असे निदान शिक्षकांचे तरी म्हणणे असते.

निबेची जाडी ठरवताना लिपीचाही विचार करावा लागतो. मराठ्यांची राजधानी असलेल्या साताऱ्याच्या दफ्तरांत मोडी चाले, ती तिरकस कापलेल्या बोरूने, आधी शिरोरेषा आडवी ओढून आणि मग शक्यतो हात न उचलता लिहिली जाई. बाळबोध अक्षराला ही सवलत नाही. जाड निबेने ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची पोटे शाईने बुजतात आणि ‘ज्ञानेश्वर’ लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले हे दुसऱ्याला तोंडी सांगावे लागते. तेव्हा ज्यांच्या नावात जोडाक्षर असेल त्यांनी बारीक निब घ्यावी. पाटील आणि कदम यांनी हौसेप्रमाणे करावे.

शाईच्या बाबतीत हा प्रदेश परावलंबी नव्हता. महाबळेश्वर-जावळीच्या रानातील हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा गंधकयुक्त क्षार, यांच्यापासून काळी पक्की शाई होते. मात्र ही शाई आम्लधर्मी असल्याने साध्या पोलादी निबेला खाते आणि पेनात पडून राहिली तर गाळ धरते. काजळ आणि डिंक यांची शाई बोरूला मानवते. पेनात घातल्यास काजळाचे कण जिभेच्या खाचांत बसतात आणि उठत नाहीत. मुंबईच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांची ‘कॅमल’ शाई घरोघरी गेली. रंगांची वाटणी मात्र शाईवाल्यांनी नव्हे, रूढीने केली: तांबडी शिक्षकांची, हिरवी राजपत्रित अधिकाऱ्यांची, निळी उरलेल्या जनतेची. पेन न धुता एका रंगावर दुसरा ओतू नये, असा नियम आहे. परंतु निवृत्त अधिकारी तो मुद्दाम मोडतात की काय अशी शंका येते, कारण त्यामुळे हुद्द्याची छटा पेन्शनच्या अर्जावरही चार दिवस रेंगाळते.

पेन धुवायचे ते गार पाण्याने. गरम पाण्याने प्लॅस्टिक वाकते आणि स्पिरिटने विरघळूही शकते. येथे पुन्हा तालुका आडवा येतो. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे पाणी पाजल्याने बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि तेथील विहिरी-बोअरच्या पाण्याने धुतलेल्या जिभेवर पांढरी पुटे चढतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी यासाठी उत्तम. निबेच्या चिरेत दाढीचे पाते घालणारे लोक सुधारण्यापलीकडचे असतात. त्यांची निब फाकते आणि दोष कंपनीला मिळतो. याशिवाय साताऱ्याचा कंदी पेढा व सांगलीचे भडंग हेही पेनाचे छुपे शत्रू होत, कारण तूपतेलाचे बोट जेथे कागदाला लागते तेथे पाण्याची शाई धरत नाही आणि सही मधेच तुटते. बँकेत पेन उसने देताना टोपण आपल्याकडे ठेवावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र पसरणीच्या घाटात होते. ज्या वाईत मराठी विश्वकोश सिद्ध झाला, त्या विद्वानांच्या गावाहून १,३७२ मीटर उंचीच्या महाबळेश्वरास जाताना हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. पेन अर्धे रिकामे असेल तर नळीतील हवा त्याच प्रमाणात फुगते आणि शाईचा एखाद-दुसरा थेंब बाहेर ढकलते. छातीची ऊब त्यात भर घालते. एक थेंब फार नव्हे, परंतु खिशासाठी तो पुरेसा असतो. म्हणून घाट चढण्यापूर्वी पेन काठोकाठ भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे, आणि खिशात निब वर राहील असे उभे ठेवावे. यांपैकी काहीच लक्षात राहत नसेल, तर वाचकांनी पाचगणी मागे पडेपर्यंत पांढरा शर्ट तरी घालू नये.