कंबर बारीक, चाक बळकट

सायकलीला डिस्क ब्रेक आले आणि चाकाच्या तारांवरचा लोकांचा विश्वास उडाला. ब्रेकचा झटका आता थेट मधल्या हबला बसतो, तेव्हा तारा जाड घ्या, जास्त घ्या, जमलं तर सळयाच ठोका, असा सल्ला ज्याला त्याला फुकट मिळू लागला. मजबुती डोळ्यांनी मोजायची आपली खोड जुनीच आहे. माझं मत नेमकं उलट आहे. या चाकाला टोकांशी 2 मिलिमीटर आणि मधे 1.8 मिलिमीटर अशा बारीक कमरेच्या तारा घालाव्यात, 32 तारा असतील तर तीन क्रॉसने, म्हणजे प्रत्येक तार त्याच बाजूच्या दुसऱ्या तीन तारांना ओलांडेल अशा, विणाव्यात, आणि उरलेली चिंता चाक बांधणाऱ्याच्या हातावर सोडावी.

भीतीचं मूळ खोटं नाही, हे आधी मान्य करतो. जुना ब्रेक रिमलाच धरायचा, त्यामुळे टायरशी चाललेल्या त्या भांडणात तारांना कुणी साक्षीलाही बोलावत नसे. डिस्क मात्र हबला धरते आणि टायर पुढे जायचा हट्ट सोडत नाही. दोघांमधला पीळ तारांनीच पोचवायचा. हबमधून सरळ बाहेर निघालेली तार हबला बाहेर ओढते, फिरण्यापासून अडवत नाही, म्हणून सरळ विणीचं देखणं चाक इथे बाद. तिरप्या तारांचं पेटंट जेम्स स्टार्लीने 1874 मध्येच घेतलं होतं, तेव्हा नवीन शोध लावायची गरज नाही. आता पीळ किती ते बघू. स्वारासकट 90 किलोची सायकल गुरुत्वाच्या निम्म्या वेगऱ्हासाने थांबवायची तर टायरशी 45 किलोचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या 34 सेंटिमीटर, हबच्या फ्लँजची, म्हणजे तारा अडकवतात त्या कडेची, सुमारे 2.9. हिशेब केला तर 32 तारांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला येतात साधारण 16 किलो. निम्म्या तारांचा ताण तेवढा वाढतो, निम्म्यांचा तेवढा उतरतो. मुळात ताण असतो 100 ते 120 किलो. एवढ्यासाठी सळया?

शंकेखोर म्हणतील, हबची नळी पिळवटते, सगळा भार डिस्कच्या बाजूच्या तारांवरच येतो. येऊ दे. मग 32 किलो झाले, आणि पुढच्या चाकात डिस्कला जागा द्यायला तिथला फ्लँज आत सरकलेला असल्याने त्या बाजूच्या तारा मुळातच जास्त ताणलेल्या असतात. शिवाय मागच्या चाकाची चौकशी कुणी केली आहे का? सर्वांत हलक्या गिअरवर, पुढे-मागे सारखेच दाते ठेवून, 80 किलोचा गृहस्थ सिंहगडाच्या चढावर 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला की मागच्या हबला जवळपास ब्रेकइतकाच पीळ बसतो. तो पीळ याच विणीची चाकं निमूट सोसत आली, तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही.

तार तुटते ती बहुधा झटक्याने नाही, थकून. आणि तेही हबमधल्या कोपरापाशी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या तारेचा ताण उतरतो, पुन्हा चढतो. बारीक कमरेची तार तेवढ्याच ताणाला जास्त लांबते, म्हणून रिम दबली तरी ती पूर्ण सैल पडत नाही आणि कोपराची दगदग वाचते. सरसकट जाड तार कमी लांबते, लवकर सैल होते, आणि सैल तार म्हणजे पगार घेऊन रजेवर गेलेला कर्मचारी. वजनदार स्वाराने जाडीपेक्षा तारांची संख्या वाढवावी. आता राहिला तो लाडका वाद: ओढणाऱ्या तारेचं डोकं फ्लँजच्या आत की बाहेर. फरक इतका किरकोळ आहे की त्यावर मैत्री मोडू नये. डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरला तार घासत नाही एवढं पाहावं. 24 तारांना दोन क्रॉस पुरतात. बाकी, दुकानात गेलात तर तारेची जाडी चिमटीत धरून बघत बसू नका. ताण मोजायचा मीटर आहे का, आणि एका बाजूच्या सगळ्या तारांचा ताण सारखा ठेवून देणार का, तेवढं विचारा.