पडतंय तिथनं गळत नसतंय

जुन्या ट्रकचा मिस्त्री कुठल्याही हमरस्त्यावर सापडतो, पण अस्सल नमुना बघायचा तर सातारा सोडून कोल्हापूरकडे निघावं. ऊसपट्टा लागला की रस्त्याच्या कडेला चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, टायरांच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं आणि ऑइल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन दिसते. तेच गॅरेज. पाटी बहुधा नसते. असलीच तर तिच्यावर ऑइल कंपनीचं नाव मोठं आणि गॅरेजचं बारीक. मिस्त्रीलाही नाव असतं, पण ते रेशन कार्डावर. बाकी सगळं जग त्याला मिस्त्रीच म्हणतं, त्याची बायकोसुद्धा.

त्याची शाळा टाटा 1210 च्या पोटाखाली झाली. 1210 म्हणजे बारा टन वजन आणि शंभर घोडे, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. 1612 ही त्याच्या लेखी अजून नवी गाडी. टाटांच्या टेल्कोनं 1954 साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले, 1969 ला करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तारा गेला, हा इतिहास तो असा सांगतो की सह्या होताना हाच शाई घेऊन उभा होता. प्रत्यक्षात तेव्हा त्याच्या वडिलांचं लग्न ठरायचं होतं. 2020 नंतरची बीएस-6 गाडी दारात आली तर तो हात पुसून बाजूला होतो. “शोरूमला न्या. तितं लॅपटॉप लावत्यात.” आणि गाडी लांब गेल्यावर हाताखालच्या छोटूला विचारतो, “लॅपटॉपला वास येतो व्हय रं?”

वासाचा मुद्दा खरा आहे; त्याचं निदान नाकापासूनच सुरू होतं. इंजिन ऑइल गळणाऱ्या ट्रकांची त्याच्याकडे वर्षातून दोनदा रीघ लागते. एकदा कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, आणि एकदा पासिंगच्या आधी. आठ वर्षांवरच्या ट्रकला दर वर्षी पासिंग असतं, आणि एरवी वर्षभर ठिपकणारी गाडी त्या दिवशी कोरडी दिसावी अशी मालकांची रास्त अपेक्षा असते. मालक येतो तो निदान घेऊनच. “मिस्त्री, मागचा ऑइल सील गेलाय.” थेंब क्लच हाउसिंगच्या खाली पडतोय, ड्रायव्हरचं तेच म्हणणं, डिझेल भरणाऱ्या पोराचं तेच, मेहुण्याचंही तेच. आता मागचा सील म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, मग कुठं रुपयाएवढंही मोल नसल्यासारखं दिसणारं ते रबराचं कडं हाती लागतं. दुसरा एखादा गॅरेजवाला एवढ्या बिलाला नाही म्हणाला नसता.

मिस्त्री उत्तर देत नाही. चहा सांगतो. (मालकाच्या खात्यावर.) मग मुलगी बघायला आलेल्या थोरल्या मामासारखा गाडीभोवती एक फेरी मारतो, वाकतो, थेंब बोटावर घेतो, दोन बोटांत चोळतो आणि हुंगतो. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो, तो एकदा नाकात बसला की जन्मात जात नाही. तो दर्प इथं नाही. “इंजिनचंच हाय. पर शेठ, पडतंय तिथनं गळत नसतंय.”

हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. ऑइल वरनं खाली उतरतं आणि गाडी पळत असताना वारा ते मागं ढकलतो. म्हणून सगळ्यात खालचा ओला भाग काहीच सांगत नाही, सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा. पण वर्षानुवर्षांच्या मळीखाली वर काय नि खाली काय! तेव्हा आधी धुणं. छोटू ब्रश घेतो आणि मालकाच्या डोळ्यांदेखत मालकाच्याच डिझेलनं इंजिन घासू लागतो. मालकाला या आजारात खरी कळ इथं येते. मग कॉम्प्रेसरची हवा मारून सगळं कोरडं. आणि मग मिस्त्री फळीवरून काढतो तो टाल्कम पावडरचा डबा, गुलाबाच्या वासाचा. मागची बाजू, हेडची कड, चेंबरची कड, टायमिंग कव्हर, सगळ्यावर पावडर. इंजिन चालू. एक फेरी कारखान्याच्या फाट्यापर्यंत आणि परत.

परत आल्यावर तो बॅटरी घेऊन आत शिरतो आणि मालकाला बोलावतो. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटलेली असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघते, हेडच्या पाठीवरनं उतरते, हाउसिंगला वळसा घालते आणि बरोबर ‘मागच्या सीला’खाली थेंब होते. टॅपेट कव्हरचं बुचाचं पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही.

इथं सामान्य मेकॅनिक थांबतो, वर लाल ट्यूब फासतो आणि पैसे घेतो. लाल ट्यूबवाल्यांवर मिस्त्रीचा फार राग. बाहेर आलेला मसाला दिसतो, तेवढाच आतही दाबला जातो, त्याचे तुकडे चेंबरात पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन बसतात, हे तो इतक्या त्वेषानं सांगतो की चहा गार होतो. पण त्याचा पुढचा प्रश्न वेगळाच असतो. पॅकिंग का फुटलं?

चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण तो उघडतो आणि तळवा धरतो. फकफक करत धूर येतो, हात वर ढकलला जातो. “बॅक मारतंय.” मालकाचा चेहरा उतरतो. रिंगा, पिस्टन, बोअर... हाफ इंजिनचा खर्च त्याच्या डोळ्यांपुढून जातो. मिस्त्री मात्र ब्रीदरच्या पाइपाकडे वळलेला असतो. इंजिनात कोंडणारी हवा जिथून बाहेर पडायची, त्या पाइपात दोन बोटं घालून तो काहीतरी ओढतो. बाहेर येते चौकड्याच्या लुंगीची चांगली वीतभर चिंधी.

क्लीनर डोंगराकडे बघू लागतो. ड्रायव्हर क्लीनरकडे. मालक चिंधीकडे, आणि ओळखीच्या नजरेनं.

“तितनं थेंब थेंब ऑइल यायचं,” मालक हळूच म्हणतो, “म्हणून मीच...”

मिस्त्री काही बोलत नाही. चिंधीनं हात पुसतो. झाकणावर पुन्हा तळवा धरतो. आता धूर जेमतेम. रिंगा अजून एक हंगाम काढतील.

त्याचे दोष? आहेत की. त्याचा ‘अर्धा तास’ दिवेलागणीला संपतो. तेराचा पाना रोज हरवतो, आणि तो बहुधा बेळगावकडे निघून गेलेल्या ट्रकच्या बंपरवर असतो. छोटूला तो काही शिकवत नाही, नुसत्या शिव्या देतो; छोटू शिव्यांच्या मधल्या जागेत शिकतो. आणि काम झाल्यावर “आता एक थेंब पडणार नाही ना?” असं विचारलेलं त्याला अजिबात खपत नाही. “जुनी गाडी हाय शेठ. एकदम कोरडी दिसली तर आधी गेज काढून बगा, आत ऑइल हाय का न्हाई.”

तेव्हा ट्रकवाल्यांनो, गाडीखाली थेंब दिसला तर रात्री पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी तो मिस्त्रीकडे न्या. चहाचे पैसे न्या. तुमचं निदान तेवढं घरी ठेवा, आणि लुंगीही.