'गुगल कर' म्हणणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या कोडिंगच्या ग्रुपवर मी आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला आणि अकराव्या सेकंदाला आपलं उत्तर आलं: "गुगल कर." या तत्परतेबद्दल आधी आभार. ठाण्यात मिसळीबरोबर जादा पावही इतक्या लवकर येत नाही.

गुगल करूनच आलो होतो, दादा. चूक माझीच होती. रँडम आकडे काढायचा प्रोग्रॅम, म्हणून फाइलचं नाव ठेवलं 'रँडम डॉट पीवाय'. मग आत 'इम्पोर्ट रँडम' लिहिलं की पायथन स्वतःचं रँडम सोडून माझीच फाइल उचलणार आणि 'यात रँडइंट नाही' म्हणून ओरडणार. शेजारच्या बाळूला हाक मारावी आणि घरातल्या बाळूने ओ द्यावी, तसं. हे कळायला मला दोन रात्री लागल्या. आपल्याला तीन शब्द पुरले असते: फाइलचं नाव बदल. 'गुगल कर' हे दोनच. एका शब्दाची बचत झाली, मान्य.

माझा प्रश्नही काही धड नव्हता. लॅपटॉपचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, खाली 'अर्जंट हेल्प प्लीज'. एरर अर्धी कापलेली. काय करून पाहिलं, तेही लिहिलं नव्हतं. "कोड पेस्ट कर, एरर पूर्ण टाक" एवढं म्हणाला असतात तरी शहाणा झालो असतो. आपण हसणारा इमोजी टाकलात. त्याला चौदा जणांनी अंगठे दिले.

पण डीपीवरून मी आपल्याला ओळखलं. आपण माझ्याच डब्यात असता, डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला. एका गुरुवारी एक पोरगा ऐरोलीला पहिल्यांदाच निघाला होता, पार गांगरलेला. आपण म्हणालात, "बॅग पुढे घे. दिवा गेलं की दाराकडे सरकायला लाग. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर जा, तिथून ट्रान्स-हार्बर." वर ठाणं आल्यावर खांद्याला धरून त्याला पुढे काढलंत. 'इंडिकेटर वाच' म्हणाला नाहीत. रेल्वेचं ॲपही आहे की!

ग्रुपवर प्रश्न विचारणारा मी काही पहिला नाही, दादा. ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर विचारलं होतं, पॉझिक्स या मानकाचे नियम कुठे मिळतील? आपण तिथे नव्हतात, म्हणून लिनक्स झालं. तो लिनस टॉरवाल्ड्स पुढे स्वतःच जहाल ईमेलांसाठी नावाजला आणि सप्टेंबर २०१८मध्ये जाहीर माफी मागून काही काळ बाजूला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या कोडिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनेही कबूल केलं, की नवख्यांना आमच्याकडे परकं वाटतं. ही मंडळी कच्ची निघाली. आपण ठाम आहात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दाराजवळचा चौथा

ता. क. काल रात्री एका मुलीने ग्रुपवर तोच प्रश्न टाकला. फोटो माझ्यापेक्षा तिरका होता. आपण टाइप करताय असं दिसत होतं, तेवढ्यात मी ते तीन शब्द लिहून टाकले. आगाऊपणाबद्दल क्षमस्व.