ग्रेडभाऊ

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे चारचौघांत बाटली हातात घ्यायची, उजेडाकडे धरून रंग पाहायचा, बूच काढून वास घ्यायचा, लेबलावरचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि ‘ही आपल्याला चालणार नाही’ म्हणून परत करायची, ही हौस उघडपणे भागवायची तर एकच बाटली उरते. गिअर ऑईलची. केळझरचे ग्रेडभाऊ ती हौस वर्षानुवर्षं नेमाने भागवत आले आहेत.

ग्रेडभाऊ हे कोणा एकाचं नाव नव्हे, तो एक वाण आहे. नागपूर-वर्धा रस्त्यावर कुठल्याही पानठेल्याजवळ गाडी उभी करा, बॉनेट उघडा आणि कपाळाला हात लावा. थोड्याच वेळात एक गृहस्थ जवळ येतील आणि काय बिघडलं ते न विचारता म्हणतील, “ऑईल कोणतं टाकता जी?” हेच ते. सेलूत एक आहेत, सिंदीत एक आहेत, पवनारला दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. पण केळझरचा दाणा अस्सल. वय पन्नाशीच्या पुढे, गालात खर्रा, खिशाला पेन, शर्टाच्या बाहीला गंधकाचा वास. पोटापाण्याला कपाशी आणि तूर. मेकॅनिक असल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. मेकॅनिकला गाडी दुरुस्त करायची असते, ग्रेडभाऊंना ती समजावून सांगायची असते. दुसऱ्या कामाला वेळ जास्त लागतो, आणि तो त्यांच्याकडे भरपूर आहे.

त्यांचा वैरी म्हणजे गॅरेजवाला मिस्त्री. मिस्त्रीच्या जगात गिअर ऑईलचे दोनच प्रकार, नव्वद नंबर आणि एकशेचाळीस नंबर. जीप आली, नव्वद. टेम्पो आला, नव्वद. गाडी म्हातारी होऊन कण्हू लागली की एकशेचाळीस. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं, “चालते ना भाऊ.” या तीन शब्दांशी लढण्यात ग्रेडभाऊंची उमेद खर्ची पडली.

“नव्वद, नव्वद काय लावलं? नव्वद तं जाडी झाली. जात कोणती?” माणसाची जात विचारू नये हे ग्रेडभाऊंना मान्य आहे, पण तेलाची विचारलीच पाहिजे. मग खर्रा थुंकला जातो, पाण्याची चूळ होते आणि प्रवचन सुरू होतं. आव असा की ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या दारात स्पोर्ट्स कार उभी आहे. त्यांची सगळी उदाहरणं स्पोर्ट्स कारचीच असतात. जीपचं उदाहरण घेतलं की माणसं आपापल्या जीपचं रडगाणं लावतात. स्पोर्ट्स कार कोणाचीच नसल्यामुळे मधे कोणी बोलत नाही.

“समजा, तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी हाय. पुढं गिअरबॉक्स, मागं डिफरन्शियल. दोघांचा सभाव अलग. गिअरबॉक्समधी पितळेच्या रिंगी असतात. एक गिअर पळून राहिला, दुसरा रेंगाळून राहिला, रिंग मधात पडते अन् दोघांची सोयरीक जुळवते. तिले क्षणभर धरू द्या ना जी! तुम्ही तिथं जीएल-फाईव्ह ओतता, ते इतकं निसरडं का तिले धरूच देत नाही. मंग गिअर बोंबलते, अन् तुम्ही म्हणता क्लच गेला.”

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हीच ग्रेडभाऊंची अडचण. अमेरिकेतल्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत गाड्यांसाठी मुख्यतः जीएल-४ आणि जीएल-५ या दोन जाती चालतात. डिफरन्शियलमधला पिनियन हा छोटा गिअर क्राऊन या मोठ्या गिअरच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेला असतो. त्यामुळे तिथले दात नुसते एकमेकांत बसत नाहीत, प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. साधं तेल त्या दाबाने बाजूला ढकललं जातं. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात, ती दातांवर बारीक थर धरतात. जीएल-५ मध्ये त्यांची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. मागे क्राऊनला ती हवीच असते. पुढे गिअरबॉक्समध्ये मात्र ती रिंगीची पकड घालवते, आणि गंधक तापलं की काही तेलं पितळही खातात. तेव्हा मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीला बहुधा पुढे जीएल-४ आणि मागे जीएल-५ लागतं. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याच्या प्लेटांसाठी आणखी एक वेगळं रसायन. ते नसलं की वळणावर मागून कटकट ऐकू येते.

इथवर श्रोते टिकतात. आकडे आले की पांगतात. बाटलीवर ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. “पंच्याहत्तर डब्ल्यू म्हणजे उणे चाळीस अंशाले तेल किती घट्ट होते ते मोजलेलं. ऐंशी डब्ल्यू उणे सव्वीसले. पंच्याऐंशी डब्ल्यू उणे बाराले.” हे ग्रेडभाऊ सांगतात वैशाखात, पत्र्याच्या ठेल्याखाली, पारा पंचेचाळिसाला टेकला असताना. तेलाचं काही कळो न कळो, उणे चाळीस ऐकूनच माणसाला थोडं गार वाटतं. मग त्यांची ठरलेली पैज. गिअर ऑईलचं नव्वद जाड, की इंजिन ऑईलचं चाळीस? नवखा माणूस नव्वद म्हणतो आणि चहाचे पैसे देतो. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे आणि गरम झाल्यावर दोघांची जाडी जवळपास सारखीच भरते. या एका गोष्टीवर ग्रेडभाऊ किती चहा फुकट प्याले, त्याचा हिशेब ठेलेवाल्याकडे असेल.

गावाचा अभिमान हा त्यांच्या प्रवचनाचा दुसरा अध्याय. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला इथेच मारलं, अशी परंपरा आहे. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. बाकीचे लोक या कथेत भीमाची ताकद पाहतात, ग्रेडभाऊ गाडा पाहतात. “गाडाभर अन्न घेऊन भीम निंघाला. लोड केवढा! डिफरन्शियलची गरज नव्हती, काहून का बैलगाड्याची दोन्ही चाकं आसावर मोकळी. वळताना भायेरचं चाक जास्त फिरलं तरी आतल्याले तरास नाही. पण वंगण? वंगण तं लागलंच असंल का नाही?” व्यासांनी या बाबतीत हलगर्जी केली, असं त्यांचं नम्र मत आहे.

जिल्ह्याचा इतिहासही त्यांच्या बाजूने उभा राहतो. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत तेलाच्या घाणीवर प्रयोग झाले. तिथली सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. तेव्हा तेलाचा कीस पाडणं हा आपल्या जिल्ह्याचा वारसा आहे, असं ग्रेडभाऊ घरी सांगतात. वहिनींचं उत्तर छोटं असतं, “गाडीचं तेल कवा बदलायचं ते पाठ हाय, घरातलं फल्लीतेल कवाचं संपलं ते ठावं नाही.”

खरी स्पोर्ट्स कार पहिल्यांदा समोर आली ती एका चतुर्थीला. पिवळीधमक, जमिनीला पोट लावून चालणारी, स्पीड ब्रेकरवर तिरकी होऊन कशीबशी उतरणारी. दर्शनाला आलेला नागपूरचा तरुण खाली उतरला आणि पोरांनी फोटोसाठी गर्दी केली. ग्रेडभाऊ गर्दी सारत पुढे गेले.

“गिअरबॉक्समधी जीएल-फोर टाकता का फाईव्ह?”

“काय माहीत काका. सर्व्हिसवाले बघतात. अन् गाडी ऑटोमॅटिक आहे.”

“म्हणजे क्लच नाही?”

“नाही.”

“गिअर आपले आपणच पडतात?”

“हो.”

ग्रेडभाऊंनी गाडीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. “म्हणजे तीन कोटीची अ‍ॅक्टिव्हाच ना जी,” म्हणाले आणि ठेल्यावर परत आले. त्या तरुणाबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. बापाने पैसा दिला, संस्कार द्यायचे राहिले, एवढीच हळहळ होती.

दुसरी गाडी आली ती मात्र क्लच असलेली. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन आसनी स्पोर्ट्स कार बनू लागली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, पाच गिअर. तसली एक जुनी गाडी जपणारा कोणी हौशी नागपूरहून आला. दुसरा गिअर जड पडत होता. मिस्त्रीने नव्वद नंबरचा डबा आणलासुद्धा. तेवढ्यात वर्दी मिळून ग्रेडभाऊ हजर झाले.

त्यानंतरचं प्रवचन केळझरने यापूर्वी ऐकलं नव्हतं. पुढे काय, मागे काय, पिनियन कुठे, गंधक किती. मालक वही काढून लिहून घेऊ लागला. मिस्त्री कंटाळून गाडीखाली सरकला आणि खालूनच ओरडला, “भाऊ, मांगं तं काहीच नाही. नुसती सायलेन्सरची नळी हाय!”

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी निघाली. अशा गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात नांदतात आणि दोघांना तेल एकच. जमाव ग्रेडभाऊंच्या तोंडाकडे पाहू लागला. त्यांनी शांतपणे खर्ऱ्याची पुडी सोडली. “तेच तं सांगून राहिलो मी मघापासून. दोन नाही लागत. एकच लागते.” मालकाने वहीतलं पान उलटलं.

पण त्याच दुपारी ग्रेडभाऊंचा मोठेपणाही दिसला. मिस्त्रीने खालच्या ड्रेन नटाला पाना लावला, तसे ते गरजले, “थांब बे! आधी वरचा. भरायचा नट आधी खोल, मंग सांडायचा.” मिस्त्री कुरकुरत वरच्या नटाला भिडला. नट हलेना. रॉकेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाईप लावून दोघे लोंबकळले. नटाचे कोपरे गोल झाले, पण नट जागचा ढळला नाही. खालचा नट आधी उघडला असता तर जुनं तेल मातीत गेलं असतं, नवं घालायला वाट नसती, आणि गाडी सिद्धिविनायकाच्या पायथ्याशी मुक्कामाला राहिली असती. मालक जुन्याच तेलावर, जड दुसऱ्या गिअरसह, पण स्वतःच्या चाकांवर नागपूरला परतला. त्या दिवशी त्या गाडीत नव्या तेलाचा एक थेंब पडला नाही. ग्रेडभाऊंच्या आजवरच्या कामगिरीत ही सर्वांत मोठी.

त्यांची स्वतःची जीप गोठ्यात उभी आहे. जुनं तेल त्यांनी काढलं, ड्रेन नटाच्या चुंबकाला चिकटलेली काळी लेई बोटांत चोळून पाहिली. तुकडे निघाले नाहीत, म्हणजे दात शाबूत. आता नवं घालायचं. वर्ध्यात मिळालं ते जीएल-५ होतं. नागपुरात जीएल-४ मिळालं, पण ८०डब्ल्यू. पुढे हवं ते सापडलं, तर त्या बाटलीची तारीख त्यांना पटेना. जीपच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. मिस्त्रीची जीप मात्र तेच नव्वद नंबर पिऊन चतुर्थीला भाविकांच्या खेपा मारते. दुसरा गिअर पडताना ती अशी किंचाळते की स्टँडवरची माणसं दचकतात, पण खेप चुकत नाही.

मी एकदा ग्रेडभाऊंना विचारलं, “जीपच्या पुस्तकात कोणतं तेल लिहिलं आहे?” त्यांचा चेहरा पडला. पुस्तक त्यांच्याकडे आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पण त्यात त्या विषयाला एकच ओळ दिली आहे. जात, ग्रेड, किती लिटर, किती किलोमीटरला बदलायचं, संपलं. इतक्या मोठ्या विषयाची कंपनीने एका ओळीत बोळवण करावी, हा अपमान त्यांना आजवर गिळता आलेला नाही. मिस्त्रीला ती ओळ वाचायची गरज वाटत नाही आणि ग्रेडभाऊंचं तेवढ्यावर समाधान होत नाही. केळझरमधल्या बहुतेक गिअरबॉक्सचं आयुष्य या दोघांच्या मधे कुठेतरी जातं.

तेव्हा वाचकहो, गाडी स्पोर्ट्स असो की जीप, आधी पुस्तकातली ती ओळ शोधा. तिथे जीएल-४ लिहिलं असेल तर नुसतं जीएल-५ लिहिलेली बाटली, दुकानदार कितीही शपथा घेवो, परत करा. भरायचा नट आधी सैल करा, सांडायचा नंतर. आणि हे असंच का, असा प्रश्न पडला तर खुशाल केळझरला या, ग्रेडभाऊ सगळं बरोबर सांगतील. फक्त त्या दिवशी दुसरं काम काढून येऊ नका.