घरोघरी सापळे

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या लोणी देवकर (ता. इंदापूर) परिसरात डासांचा विषय निघाला, की उजनीच्या फुगवट्याकडे बोट दाखवण्याची सोय आहे, परंतु डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी धरणात अंडी घालण्याइतकी महत्त्वाकांक्षी नसून, सहसा काहीशे मीटरांपलीकडे न जाता, न्हाणीजवळच्या पिंपावर समाधान मानते. तिच्यासाठीचा अंडी-सापळा, म्हणजे काळे भांडे, त्यात थोडे पाणी आणि अंडी चिकटावीत म्हणून खरखरीत पट्टी, हे साधन १९६०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले. अट एवढीच, की पट्टी व पाणी आठवड्याच्या आत नष्ट करावे, कारण उबदार हवेत अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अन्यथा सापळा हाच पाळणा ठरतो. या व्याख्येने पाहता परसातला टायर, फ्रीजमागचा ट्रे आणि पावसाळ्यातही भरलेला कूलर असे सापळे घरोघरी पूर्वीच मांडलेले असतात, फक्त त्यांत पकडण्याची व्यवस्था तेवढी नसते.

निळ्या दिव्याचा विजेचा सापळा रात्रभर तडतडत चिलटांचा संहार करतो, तर एडिस, जिला त्या उजेडाचे विशेष आकर्षण नाही, दिवसाढवळ्या चावून मोकळी होते. आरोग्य खाते सुचवते तो ‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिती करून घासण्याचा दिवस (घासायचे अशासाठी, की काठाला चिकटलेली अंडी पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात), मात्र फुकट असतो आणि त्यासोबत वॉरंटी कार्डही मिळत नाही.