हाकेच्या अंतरावर

पुण्यात खडकीपासून गणेशखिंडीचं विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. अर्थात हाक ऐकू येणाऱ्यांना.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या. दोन्ही कानांत ७० डेसिबलची तूट असेल तर कर्णबधिर, असा काटाही लावून दिला. प्रवेश होतो, प्रमाणपत्राची झेरॉक्स फायलीला लागते आणि कॉलेज सुटकेचा निःश्वास टाकतं. शिवाय आवारात रॅम्प असतोच. कर्णबधिर मुलाने त्यावरून ऐटीत चालत यावं, आणखी काय हवं?

वर्गात सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. ओठ वाचून समजून घेणाऱ्याने मग त्यांची पाठ वाचायची. डोक्यावर पंखा घरघरतो. श्रवणयंत्र तेवढं इमानेइतबारे मोठं करून ऐकवतं. सांकेतिक भाषेचा दुभाषा मागितला तर पद मंजूर होईस्तोवर मुलगा पदवीधर तरी होतो, नाहीतर घरी तरी बसतो. अडचण असल्यास कार्यालयाशी फोनवर संपर्क साधावा, ही सूचना मात्र ठळक अक्षरांत.

परीक्षेत सरकार एकदम उदार. तासामागे २० मिनिटं जादा! वर्षभर जे पोचलंच नाही, ते आठवायला.

प्राचार्य महोदय, दुभाषा येईल तेव्हा येवो. तोवर नोट्स आदल्या दिवशी द्यायला सांगा, आणि बोलताना वर्गाकडे तोंड करायला. त्याला अनुदान लागत नाही.