साताऱ्याहून साताऱ्याला

माणसं प्रवासाला निघतात ती कुठेतरी पोचण्यासाठी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला येणारी मंडळी मात्र साताऱ्याहून निघून साताऱ्यालाच पोचतात आणि त्यासाठी काही महिने आधी पैसे भरून ठेवतात. मधल्या एकवीस किलोमीटरांत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच घाट पुन्हा उतरायचा. एसटीची बामणोलीची गाडी हाच घाट चढते, नशीब असेल तर खिडकीही देते आणि वर कासच्या पठारापर्यंत नेते. दळणवळणाचं साधन म्हणून धावणं असं पहिल्याच फेरीत बाद होतं. तरीही २०१२ पासून पावसाळा सरता सरता हजारो लोक या गावात उतरतात. आदल्या संध्याकाळी गावातली हॉटेलं भरलेली असतात आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी कोणाला तरी बुटांबद्दल सल्ला देत असतं. त्यांतले पहिलटकर लगेच ओळखू येतात. त्यांचं सामान सर्वांत जास्त असतं: दोन घड्याळं, तीन प्रकारचे मोजे, एक पट्टा ज्याचा उपयोग त्यांनाही ठाऊक नसतो. वेग वाढवणं म्हणजे तयारी, असा त्यांचा पक्का समज असतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिल्या लांब शर्यतीची तयारी म्हणजे स्वतःच्या उत्साहाला आवर घालण्याची तयारी. तेवढी जमली की बाकीचं सामान घरी राहिलं तरी चालतं.

पुराव्यासाठी फार लांब जायला नको. सुटायच्या रेषेवर उभं राहून पाहावं. पहाट, ढोल-ताशे, हवेत गारवा, पुढच्या-मागच्यांची ढकलाढकल आणि चार महिने कोंडून ठेवलेला जोश. अशा वेळी पहिला किलोमीटर कोणालाही फुकट मिळाल्यासारखा वाटतो. तो फुकट नसतो, उधार असतो. सपाट रस्त्यावर या उधारीचा तगादा फार उशिरा लागतो. घाटात तो चढाच्या दुसऱ्या वळणावरच लागतो, आणि शिक्षण म्हणून यवतेश्वरची बाजू मला वरचढ वाटते ती एवढ्याचसाठी. यावर कोणी म्हणेल, पहिलीच शर्यत आणि तीही घाटात? त्यापेक्षा जानेवारीतली मुंबईची सपाट बरी. बरी आहे, शंका नाही. पण सपाटी माणसाला स्वतःबद्दल गैरसमज करून घ्यायला भरपूर वेळ देते. शिवाय मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांसमोर दमट उन्हात, पाय संपत आल्यावर, पेडर रोडचा चढ येतोच. तो एरवी टॅक्सीत बसून कोणाला चढ वाटतही नाही.

सप्टेंबरातली शर्यत म्हणजे सराव ऐन पावसाळ्यात, म्हणजेच आषाढ, श्रावण आणि गणपती यांच्या तावडीत. एकीकडे न वाळलेले मोजे, दुसरीकडे उकडीचे मोदक. आठवड्यातून तीन-चार दिवस धावायचं, रविवारी लांब, आणि त्यातलं बहुतेक धावणं लाज वाटावी इतकं सावकाश. सावकाश म्हणजे किती, याची एक सोपी कसोटी आहे: धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पुणेकराला वाहतुकीबद्दलची तक्रार कर्ता-कर्म-क्रियापदासह पुरी करता आली तर वेग बरोबर. क्रियापदाआधीच दम लागला तर चुकला. या वेगात हृदय आणि स्नायू दीर्घ कामाला सरावतात, आणि हाडं व स्नायुबंध यांनाही जुळवून घ्यायला अवधी मिळतो. ते फुप्फुसांपेक्षा फार सावकाश तयार होतात. नवशिक्याची पंचाईत इथेच होते. दम वाढतो महिन्याभरात, नडगी तयार व्हायला लागतात त्याहून कितीतरी जास्त दिवस, आणि मधल्या काळात दमाच्या जोरावर नडगीची वाट लागते.

इथे शहाणे लोक नियम काढतात: दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवायचं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर या नियमाला भक्कम आधार नाही. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नवशिक्यांचे दोन गट केले होते; एक या बेताने हळूहळू वाढणारा, दुसरा नेहमीच्या पद्धतीचा. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झाला. मग सावकाशपणाचा माझा मुद्दा निकालात निघाला का? मला तसं वाटत नाही. निकालात निघालं ते कोष्टक. गुडघ्याला टक्केवारी कळत नाही. आज दुखतंय म्हणून आज थांबलेला माणूस मात्र त्याला कळतो. कोष्टक भिंतीवर लावून ठणकत्या पायाने रविवारचे सोळा किलोमीटर पुरे करणं हासुद्धा उत्साहच, फक्त शिस्तीचे कपडे घातलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडे वारकरी शतकानुशतकं चालत आले, त्यांना कोणी ट्रेनिंग प्लॅन दिला होता? दिला होता की! ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर जाते ती ठरलेल्या टप्प्यांनी, ठरलेल्या विसाव्यांनी आणि ठरलेल्या मुक्कामांनी. पुण्यात एक दिवस जास्तीचा, मग दिवेघाटाचा मोठा टप्पा, आणि घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा एक दिवस जास्तीचा. कठीण दिवसानंतर विश्रांती, हे तत्त्व आज मोबाइलवरची ॲपं महिन्याच्या वर्गणीवर विकतात. आणि धावायचं असेलच तर ते रिंगणात. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आल्यावर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, अश्व दौडतात आणि मग सगळे पुन्हा आपल्या चालीने निघतात. दिंडीत कोणी पहिल्याच दिवशी लोणंद गाठायला धावत सुटल्याचं ऐकिवात नाही.

तिसरे आक्षेपक इतिहास काढतात. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यांतली मुलं अनवाणी धावली आणि दोराबजी टाटांनी ती पाहून संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघातून मॅरेथॉनला उतरले बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. आजच्या मापापेक्षा अर्धा किलोमीटर लांब असलेली ती शर्यत चौगुल्यांनी तीन तासांच्या आत पुरी केली आणि एकोणिसावे आले. त्यांच्या पायांत कुठला मऊ गादीचा बूट होता? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारतो कोण? दिवसातले दहा तास खुर्चीत काढणारा मनुष्य. शेतात आणि रानात चालून ज्यांचं बालपण गेलं, त्यांची तयारी नकळत वीस वर्षं चालली होती. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ सलग तीनदा भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. हा घाटावरच्या हवेचा चमत्कार आहे असं समजून आदल्या रात्री येऊन दीर्घ श्वास घेणाऱ्यांना हवा लागते, गुण लागत नाही.

खाण्यापिण्यातही उत्साहच आडवा येतो. शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ थोडे जास्त खावेत, हे खरं. पण अर्ध्या मॅरेथॉनसाठी रोजच्या पानात वाढीव भात पुरतो. आपल्याकडे मात्र सल्ला ऐकताच एकादशी दुप्पट खाशी सुरू होते आणि शनिवारी रात्री कंदी पेढ्यांचा खोका ‘ऊर्जा’ म्हणून संपतो. ती ऊर्जा यवतेश्वरला पोचायच्या आत आपली स्वतंत्र वाट शोधते. पाण्याचंही तसंच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी भरलं आणि मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पिणं. त्यामुळे प्रत्येक टेबलापाशी स्वयंसेवकाच्या आग्रहाला मान देणं हे सौजन्य असलं तरी शहाणपण नव्हे. तहान लागली की प्यावं. मीठ लावलेली संत्र्याची फोड दिसली तर मात्र नाही म्हणू नये. त्यात शास्त्र थोडं आणि आनंद पुष्कळ आहे.

इतकं सावकाश जायचं तर सरळ चालत का जाऊ नये? जावं. चढ जास्त तिथे चालावं, उरलेल्यात धावावं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेंनी तर आधीपासून ठरवून धावणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धतच रूढ केली, दमल्यावर नव्हे तर दमायच्या आधी. अडचण एवढीच की कटऑफ नावाचा प्रकार असतो आणि रस्ता ठरल्या वेळी एसटीला परत द्यावा लागतो. म्हणून निव्वळ चालण्यावर भागत नाही, आणि म्हणूनच चार महिने घालवायचे.

खरी फसगत उतारावर होते. वरून वळल्यावर धुकं, खाली सातारा, मागून वारा, आणि पाय आपोआप सुटतात. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता शरीराला रोखून धरत असतात आणि त्यांची सर्वांत जास्त झीज होते ती याच कामात. चढाचा सराव सगळे करतात. उताराचा कोणी करत नाही, कारण त्यात मर्दुमकी दिसत नाही. पुणेकरांनी सिंहगड चढून जीपने खाली यायची सवय सोडावी, मुंबईकरांनी उड्डाणपुलाची दुसरी बाजूही मोजावी. आधी थोडं थोडं उतरून दुखवून घेतलेली मांडी पुढच्या वेळी बरीच कमी दुखते. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी निदान खोली तळमजल्यावरची घ्यावी. हे दुखणं दुसऱ्या दिवशी भरात येतं आणि सोमवारी सकाळी नाश्ता बहुतेक हॉटेलांत खालीच असतो.